मिठाची खूण

मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतात, पायाखालच्या कणसाला त्यानं तोंड लावू नये म्हणून. बैल बिचारा गोल फिरत राहतो, डोळ्यापुढं दाणा आणि तोंडाला जाळी. पुण्यात डुकराच्या तापाची, स्वाइन फ्लूची साथ आली त्या श्रावणात मला त्या बैलाचं दुःख कळलं. शहरातली माणसं तोंडाला बांधायच्या फडक्याला मास्क म्हणत. आमच्याकडं खोडदच्या बाजूला सगळे मुसकंच म्हणत, आणि मीही तेच लिहिणार. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जी काही अक्कल आली ती चुलीपुढं आली, लग्न झाल्यावर आली, त्यामुळं माझ्या वाढीच्या दिवसांचं लिहायला बसलो की लेखणी आपोआप बायकोकडं, हौसाकडं जाते. लहानपणाला फार काही नव्हतं. भूक होती, आणि भूक सगळ्यांचीच सारखी असते.

मी आचारी. लग्न, बारसं, सप्ता, दहावं, जिथं पंगत बसेल तिथं माझी भट्टी. ज्या म्हाताऱ्या अण्णांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरा, कढईतलं चाखायचं नाय. देवाचा निवद जायच्या आधी आचाऱ्यानं चाखलं की ते उष्टं. तुला नाक कशाला दिलंय?" मी ते धरून ठेवलं. मासवडीच्या रश्शाची वाफ नाकात गेली की खोबरं कमी भाजलंय का, लसूण पुढं गेलाय का, सगळं समजायचं. वाफेवरून मिठाचाही अंदाज यायचा. लोकांना ते खोटं वाटतं, पण अळणी रश्शाच्या वाफेला एक ओला, कच्चा वास असतो आणि मीठ पडलं की तो बसतो. तरीपण मीठ मी घालत नव्हतो. मीठ हौसाचं. वाटण तिचं म्हणून मीठही तिचं, असं लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या हंगामातच ठरून गेलं. कुणी ठरवलं म्हणाल तर तिनंच. माझ्या हाताला अंदाज नाही असं तिचं म्हणणं होतं आणि ते ती चार माणसांत सांगायची.

आता चार माणसांत सांगायची म्हटलं खरं, पण भट्टीवर मात्र ती तोंड उघडायची नाही. भट्टीभोवती गावातली जाणती माणसं खाटा टाकून बसलेली असायची, चुलते, मामे, यजमानाचे भाऊबंद. त्यांच्यापुढं बाईनं नवऱ्याला हाका मारायच्या नसत. त्यात लाउडस्पीकर, झाऱ्यांचा खणखणाट, पोरांचा गलका. म्हणून आमची तोंडाची भाषा झाली. तोंडाची म्हणजे बोलण्याची नव्हे, चेहऱ्याची. तिनं नाक मुरडलं की खाली लागतंय, जाळ काढ. गाल आत ओढला की पाणी कमी. आणि खालचा ओठ लहान पोरासारखा बाहेर काढून दाखवला की मीठ पडलं. ओठाची ही खूण ती इतकी पटकन करायची की शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसायची नाही. पदर डोक्यावर, नजर खाली, सगळी मर्यादा जागेवर, आणि मधेच तो ओठ. मला प्रत्येक वेळी हसू यायचं. एवढी वर्षं भट्टीपुढं भाजून निघालो, पण त्या ओठासाठी मी कामाला जायचो असं आज म्हटलं तरी चालेल. ती असताना म्हटलं नाही.

तर ती साथ. आधी पुण्यातली माणसं मेल्याच्या बातम्या आल्या, मग शाळा बंद झाल्या, मग एक दिवस घोडेगावहून येणाऱ्या एसटीत निम्मी माणसं तोंड बांधून बसलेली दिसली. दुकानातली हिरवी-निळी मुसकी चार दिवसांत संपली. मग रुमाल आले, टॉवेल आले, बायांनी पदर घट्ट केले. कुणीतरी सांगितलं की कापूर आणि वेलदोडा फडक्यात बांधून हुंगला की रोग येत नाही, आणि सगळा तालुका देवघरासारखा वास मारायला लागला. हौसानं आपलं जुनं पातळ फाडून चौपदरी मुसकी शिवली, आत कापराची पुडी ठेवायला खिसा केला. मला ते बांधलं की जीव घुसमटायचा. दाढीचे खुंट टोचायचे, नाकाखाली घामाचं तळं साचायचं, स्वतःच्याच तोंडाचा वास स्वतःला घ्यावा लागायचा. कान दुखायचे. तंबाखू खाणाऱ्यांचं तर विचारू नका. आमचा चुलतभाऊ भिवा वाढप्याचं काम करायचा, तो मुसकं बांधलेलं विसरून दोनदा त्यातच थुंकला. ओळखीची माणसं बांधावरून सरळ निघून जायची, नंतर म्हणायची, "किसनभाऊ, तू व्हतास व्हय? आमाला वाटलं कोण चोर." कंटाळा आला होता. रोगाची भीती पहिले चार दिवस वाटली, पुढं फडक्याचाच वैताग उरला. आमच्या शिवारातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या थाळ्या दिसायच्या, आभाळाकडं तोंड करून उघड्या उभ्या. हौसा म्हणायची, "बघा, गावात तेवढ्याच मोकळ्या तोंडाच्या ऱ्हायल्यात."

त्याच श्रावणात आमच्या सविताची सुपारी ठरली. सविता आमची एकुलती एक. मुलगा पारगावकडचा, संतोष नावाचा, भोसरीला कंपनीत कामाला. पोरीला तो मनापासून पसंत होता. ती बोलली काहीच नाही, पण तो बघून गेल्यापासून भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती, आणि हौसा मला कोपरानं ढोसून ते ऐकवायची. मी दुसऱ्यांच्या पोरींच्या सुपारीच्या पंगती वाढून म्हातारा होत आलो होतो. ही माझ्या घरची पहिली आणि शेवटची. पण मुलगा पुण्याकडं राहणारा, आणि साथ पुण्याची. गावात कुजबुज सुरू झाली. सरपंच घरी आला, तोही मुसक्यात, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"किसनभाऊ, सुपारी पुढं ढकल."

"पुढं पितरं लागतात. मग कवा करू?"

"मग आलेल्या पावण्यांचे हात धुवायचे, तोंडं बांधायची. वाढपी, आचारी, बाया, समद्यांनी बांधायचं. गळाभेट बिळाभेट नाय. गावात एक जरी ताप आला तर लोकं तुझ्याच नावानं बोंबलत्यान."

"अरं पण व्याहीभेट? व्याह्याला काय लांबून टाटा करू?"

"नमस्कार कर. हात जोडले की भेट झाली." आणि जाता जाता म्हणाला, "आणि रस्सा झणझणीत कर, रोग मरंल."

सुपारीच्या दिवशी पहाटेपासून भट्टी पेटवली. बाजरीच्या भाकरीला भावकीतल्या बाया बसल्या, मी आणि हौसा मासवडीला. आमच्या भागातल्या माणसाला मासवडी सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं भाजलेलं सारण पसरायचं आणि फडक्याच्याच आधारानं वळत न्यायचं. वड्या कापून ठेवल्या की खरं काम रश्शाचं. हौसा वड्या वळताना सारखी मुसकं खाली ओढायची आणि सरपंचाची चाहूल लागली की वर घ्यायची. मी म्हणालो, "एक फडकं मासवडीला, एक तोंडाला. कुठलं कुठं बांधलंय ते बघून घे." ती हसली असणार. डोळे बारीक झाले, एवढंच दिसलं.

पाहुण्यांची जीप दुपारी आली. व्याही, त्यांना सगळे तात्या म्हणत, उंच, मिशीवाला, मोठ्या आवाजाचा गडी. जीपमधून उतरले ते दोन्ही हात पसरूनच माझ्याकडं निघाले. मधे भिवा डेटॉलच्या पाण्याची बादली घेऊन उभा. सरपंचानं ताटातून मुसकी पुढं केली, ओवाळणीचं ताट करावं तशी. तात्या थांबले. मी लांबून हात जोडले. त्यांचे पसरलेले हात तसेच राहिले थोडा वेळ, मग त्यांनी ते बादलीत घातले.  हात धुवून झाल्यावर त्यांनी ते झटकले, पुसले नाहीत, आणि माझ्याकडं न बघता मांडवात गेले. संतोषचा चेहरा पडला. दारातून सविता बघत होती, तिनं ते सगळं पाहिलं. पण रस्सा उकळीला आला होता आणि आचाऱ्याला भट्टीशिवाय दुसरीकडं बघता येत नाही.

आता पुढचं नीट सांगतो, कारण यावर आमच्या घरात पुढं जन्मभर वाद झाला. वाटण पडलं, रश्शाला तवंग आला. धूर माझ्याच बाजूनं होता. हौसा परात बाजूला ठेवून पातेल्यापाशी आली, माझं लक्ष तेवढ्यात जाळाकडं, आणि मग ती समोर उभी राहून माझ्याकडं बघायला लागली. मी वर बघितलं. तोंडावर पातळाचा तुकडा, वर दोन डोळे, धुरानं लाल. त्या फडक्याआड ओठ होता की नव्हता, मला काय कळणार? तिचे डोळे म्हणत होते, कळलं ना? मला वाटलं, म्हणतेय, आज तुमीच घाला ना. मी वाफेवर नाक नेलं. आला तो कापराचा वास. कापूर, वेलदोडा आणि माझा घाम. रश्शाचा वासच नाही. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या भट्टीपुढं आंधळा झालो. तेवढ्यात तिला बायांनी भाकरीकडं बोलावलं. पाहुणे ताटावर बसत होते. मी मिठाच्या डब्यात हात घातला आणि ओंजळीनं घातलं, ऐंशी माणसांच्या रश्शाला लागतं तेवढं. तिनं आधीच घातलेलं होतं. तेवढंच.

निवद देवाला गेला. देव काही बोलला नाही.

पंगत बसली. खाणाऱ्यांनी मुसकी काढली, वाढणारे मुसक्यात. भिवा "रस्सा घ्या, रस्सा" ओरडत होता ते कुणाला कळत नव्हतं, नुसता हुं हुं आवाज. मी झाऱ्याला टेकून उभा. आचाऱ्याला पंगतीचा आवाज ऐकायची सवय असते. पहिल्या घासाला शांतता, मग भुरके, मग गप्पा. त्या दिवशी पहिली शांतता आली आणि ती गेलीच नाही. भुरका एकही नाही. माणसं कोरडी भाकरी चावत होती, पाण्याचे तांबे मात्र भराभर संपत होते. मुलीच्या दारी जेवणाला नावं ठेवायची नसतात, म्हणून कुणी बोलेना. तात्यांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला, जसं काही खात्री करून घेतायत. मग हात पत्रावळीवर झटकला आणि उभे राहिले. भरल्या पानावरून व्याही उठला.

"चला रं," ते आपल्या माणसांना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "किसनराव, पोरगं आमचं पुण्यात ऱ्हातंय, ते तुमाला ठावं व्हतं. नको व्हतं तर निरोप धाडायचा. दारात बादली ठेवली, गिळलं. उराला लावलं न्हाई, गिळलं. आता ताटात मीठ कालवून वाढताय? पावण्याला उठवायची ही कुठली रीत? आमी काय रोग घेऊन आलोय का पोरगी मागाय आलोय?"

"तात्या, तसं नाय..." एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि तेही फडक्यात विरलं.  रस्सा खारट आहे हे मला तेव्हाच कुठं कळत होतं. संतोष आपल्या जागी बसूनच होता, ना उठत होता ना जेवत. घरात सविताच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. मला वाटलं, सुपारी गेली.

मग हौसा आली. भाकरीच्या पिठाचे हात तसेच. जाणत्या माणसांनी भरलेल्या मांडवात ती कधी मधोमध आली नव्हती. ती सरळ तात्यांच्या पत्रावळीपाशी गेली, खाली बसली, मुसकं ओढून गळ्यात टाकलं, त्यांच्या पानातला भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्याच द्रोणात बुडवला आणि खाल्ला. पुरुषाच्या पानातला, व्याह्याच्या पानातला, ज्याचं पोरगं पुण्यात राहतं त्या माणसाच्या पानातला.  ती चावत होती आणि तिचं तोंड वाकडं होत होतं. गिळलं तिनं.

"दोनदा पडलंय," ती म्हणाली. "एकदा मी घातलं, एकदा ह्यांनी."

तात्या म्हणाले, "इहीणबाई, उठा. उष्टं हाय ते."

"असू द्या. रोगाची भीती असती तर खाल्लं असतं का? तुमीच सांगा." आणि मग तिनं सगळं सांगितलं, भट्टीवर आम्ही बोलत नाही, खुणा करतो, तोंडाच्या. "मीठ घातलं की मी ह्यांना असं करती," म्हणाली, आणि व्याह्यापुढं, सरपंचापुढं, चुलत्या-मामांपुढं तिनं खालचा ओठ लांबलचक बाहेर काढून दाखवला. "ह्या मुसक्याच्या आत केलं मी. ह्यांना कुठनं दिसणार? बैलाला मुसकं घातलं की बैल चुकत न्हाई, कारण त्याला बायको नसती."

 मग भिवा आपल्या मुसक्यात फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागं सगळी पंगत. तात्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, राग धरून ठेवायचा लई प्रयत्न केला त्यांनी, पण गेलाच. "पुन्हा करून दाखवा बरं," म्हणाले. तिनं दाखवला. "आरं तिच्या! म्हणजे आमच्या सुनंला भांडाय तोंड लागायचं न्हाई, ओठ पुरं!" घरातून सविता हसल्याचा आवाज आला, नाक ओढत. तात्या खाली बसले. मी भट्टीवरून निघालो, मुसकं काढून झाऱ्याला अडकवलं, आणि तात्यांना तसेच बसलेले असताना मिठी मारली. सरपंच म्हणाला, "किसन, काय ठरलं व्हतं?" कुणीतरी पंगतीतून म्हणालं, "सरपंच, तुमी रस्सा घ्या."

मग मी बेसनाचं पाणी लावलं, बटाटे चिरून टाकले, गुळाचा खडा सोडला, दोन हंडे आधण वाढवलं. रस्सा जेमतेम खाण्यासारखा झाला. सुपारी फुटली. सविता आज पारगावच्या बाजूला आपल्या घरी आहे, दोन पोरांची आई, आणि त्या पंगतीची गोष्ट तिच्या सासरी अजून सांगतात. कधी कधी मला वाटतं, त्या माणसांत खरंच कुणाला ताप असता तर? मधे ती दुसरी मोठी साथ आली, तेव्हा माणसं कशी जातात ते पाहिलं, त्या वेळी मी आणि हौसानं मुकाट्यानं मुसकी बांधली, वैताग करत का होईना. मुसकं वाईट असं मी म्हणत नाही. पण तिनं त्या दिवशी ते काढलं नसतं तर माझ्या पोरीचं काय झालं असतं, हेही मला सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी मी आपल्या जवळ ठेवल्यात.

वाद मात्र मिटला नाही. हौसा म्हणायची, "मी वेळेवर घातलं. दुसरं ते जास्तीचं, म्हणजे चूक तुमची." मी म्हणायचो, "खूण न दिसता केली ती खूण कसली?" नातवंडांपुढं भांडायचो. ती शेवटी शेवटी अंथरुणावर होती तेव्हाही, मी पेज घेऊन गेलो की विचारायची, "मीठ किती येळा?" छातीचं दुखणं होतं तिचं, साथीचं नव्हे. गेली तेव्हा तोंडावर मुसकं नव्हतं, सगळ्यांनी तोंड पाहिलं. तेवढं एक बरं झालं.

तिच्या तेराव्याला तात्या आले. आता ते काठी टेकत चालतात. पंगतीत बसले, दुसऱ्या आचाऱ्याचा स्वयंपाक होता. घास घ्यायच्या आधी माझ्याकडं बघून त्यांनी खालचा ओठ बाहेर काढला, आमच्या घरी जेवायला बसले की नेहमी करायचे तसा. तो ओठ त्यांना परत आत घेता येईना. थरथरत तसाच राहिला.

भट्टीचं काम मी सोडलं. आता एका माणसाची आमटी करतो, छोट्या पातेल्यात. कधी मीठ घातलं की नाही आठवत नाही. वळून बघतो सवयीनं. मग पळी घेऊन चाखतो. जन्मभर कढईतलं चाखलं नाही, आता रोज चाखतो. निवद नंतर दाखवतो.